सोंड कुठल्या हाताला?



मुलुंडला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती सांगायला गेलं, की विचारतात, “सोंड डावीच ना?” मग घरातलं कुणीतरी घोटाळतं : देवाच्या डाव्या हाताला, की आपल्या? अर्थात देवाच्या. उजव्या सोंडेचं सोवळं कडक मानतात. प्रभादेवीचा सिद्धिविनायक तसा आहे. मूर्ती पाटावर कशीही फिरवा, डावी सोंड डावीच राहते. उजवी दिसते ती फक्त मखरातल्या आरशात.

जयंत नारळीकरांनी ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या विज्ञानकथेसाठी नेमकी ही सोंडच उचलली, आणि म्हणून ती कथा मला फार मोलाची वाटते. सोंडेची बाजू बदलली म्हणजे केवढी उलथापालथ झाली, हे मराठी वाचकाला समजावावं लागत नाही. (त्यांचं टोपणनावही उलटंच होतं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवताना ज. वि. ना. झाले ना. वि. ज., म्हणजे नारायण विनायक जगताप!)

पण बाजू बदलेल कशी? ट्रेसिंग पेपरची लांब पट्टी घ्या, अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवा. ही मोबिअसची पट्टी. तिच्यावर शाईनं डाव्या हाताचा पंजा काढा, आणि तोच सरकवत सरकवत पुढं काढत चला. एक फेरी संपली की तुम्ही पहिल्या पंजाच्या पाठीमागे पोचता. उजेडात धरून बघा, डाव्याचा उजवा झालेला असतो. आपल्या तीन मितींच्या जागेलाच असा पीळ पडला, तर तिथून फेरी मारून आलेला माणूसही आरशातला होऊन परतेल. एच. जी. वेल्सच्या १८९६ सालच्या एका कथेत असा परतलेला मास्तर आहे. त्याचं हृदय उजवीकडे गेलेलं असतं.

मला मात्र त्याच्या जेवणाची काळजी वाटते. आपल्या शरीरातली प्रथिनं डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांची, आणि अन्नातली साखर उजव्या घडणीची. समजा, असा माणूस चतुर्थीला घरी आला. आईनं उकडीचे मोदक वाढले. गूळ तोच, तांदूळ तोच. पण त्याच्या पोटातली विकरं, म्हणजे अन्न पचवणारी प्रथिनं, आता उलट्या घडणीची. मोदक पोटात जाईल, अंगी लागणार नाही. भरल्या ताटावर बसून तो दिवसेंदिवस वाळत जाईल, आणि आई पुन्हा पुन्हा वाढत राहील.