घंटा झाल्यानंतरची शाळा कोणाची?

(पूर्णा येथील एका हायस्कूलमध्ये शिक्षक, पालक आणि विद्यार्थिनींच्या मेळाव्यात केलेले भाषण.)



मला विषय दिला आहे 'शालेय उपक्रमांचे महत्त्व'. महत्त्व तुम्हा सर्वांना पटलेलेच आहे. न पटणारा माणूस आज इथे आलाच नसता. म्हणून मी दुसराच प्रश्न विचारणार आहे. हे उपक्रम होतात केव्हा? आणि त्या वेळी मुली कुठे असतात?

कोणत्याही हायस्कूलचा वार्षिक अहवाल काढा. स्काऊट-गाईड, विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ, खो-खो, कबड्डी, वक्तृत्व, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांची तयारी, स्नेहसंमेलन. यादीच्या वर लिहिलेले असते, 'सर्व विद्यार्थ्यांसाठी'. आता सव्वापाच वाजता त्याच शाळेच्या मैदानावर जाऊन उभे राहा. मी या कामाच्या निमित्ताने तालुक्यातल्या शाळांतून पुष्कळदा उभी राहिले आहे. मैदानावर मुलगे असतात. मुली असतात बसस्टँडवर.

यात मुलींना आवड नाही, असा निष्कर्ष आपण फार चटकन काढतो. चुडावा, ताडकळस, गौर या बाजूच्या मुलीला घरी नेणारी गाडी शाळा सुटण्याच्या सुमाराला असते. ती चुकली तर पुढची येईपर्यंत अंधार पडतो. एस. टी.चा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास आणि मानव विकास कार्यक्रमातल्या मुलींसाठीच्या निळ्या गाड्या, या दोन गोष्टींनी मराठवाड्यातल्या किती मुली आठवीच्या पुढे गेल्या हे शिक्षकांनीच सांगावे. या सवलतींचे मोल मी कमी करत नाही. पण पास दाखवला म्हणून गाडी खो-खोचा डाव संपेपर्यंत थांबत नाही. मुलगा सायकल काढतो, कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसतो, नाही तर पूर्णा जंक्शनवरून मिळेल त्या पॅसेंजरने रात्री उतरतो. घरी त्याला विचारतात, "जेवलास का?" मुलीला विचारतात, "इतका वेळ कुठे होतीस?"

गावातल्या मुलींना बसची अडचण नाही, पण त्यांच्यासाठी पाणी भरायचे असते, धाकट्याला सांभाळायचे असते, आई मजुरीवरून येण्याआधी कणीक भिजवायची असते. घरकामाला आपण काम म्हणत नाही, त्यामुळे त्याला लागणारा वेळही कोणाच्या हिशेबात येत नाही.

हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. दहावीच्या परीक्षेत क्रीडास्पर्धांचे आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचे वाढीव गुण मिळतात. म्हणजे संध्याकाळी ज्याला थांबता येते, त्याच्या गुणपत्रिकेत भर पडते. जिला थांबता येत नाही, तिची टक्केवारी तेवढी मागे राहते, आणि मग आपणच म्हणतो की दोघांना संधी सारखीच होती.

ज्या उपक्रमांत मुली दिसतात, तिथे त्या काय करतात तेही पाहा. पाहुणे आले की ओवाळायला मुली, स्वागतगीताला मुली, रांगोळीला मुली. माईक, स्पीकर, वर्गणीची वही आणि सहलीचा हिशेब मुलग्यांकडे. वक्तृत्व स्पर्धेत मुली चांगल्या बोलतात, बक्षिसेही आणतात. पण विषय बहुतेक वेळा 'स्त्रीभ्रूणहत्या' नाही तर 'लेक वाचवा', आणि भाषण सरांनी लिहून दिलेले! (सरांनी रागावू नये, ते मनापासूनच लिहून देतात.) १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या ज्योतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने स्वतःच्या डोक्याने प्रश्न विचारले होते. पाहुण्यांपुढे पाठ म्हणून दाखवण्यासाठी ते लिखाण नव्हते. आज आपल्या मुलीला विषय निवडू दिला तर ती काय बोलेल? शाळेच्या संडासाला कडी नाही, हे बोलेल. पाळीच्या दिवसांत ती घरी का राहते, हे बोलेल. म्हणून तर निवडू देत नाहीत, असे मला कधी कधी वाटते.

आता आयांशी बोलते. मुलीला मैदानावर पाठवायला तुम्ही का कचरता, हे तुम्ही मला उंबऱ्यावर बसून सांगितले आहे. एक मावशी म्हणाल्या होत्या, "ताई, पोरगी मैदानावर दिसली की लोकं इचारतेत, ही कुणाची म्हणून." एकदा विचारणा सुरू झाली की पुढचे पाऊल स्थळाचे असते. तुमची भीती खोटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. सगळ्या महाराष्ट्राचा आकडा सुमारे २२ टक्के आहे. घरोघरी ऐकू येणारी कारणे तुम्हाला माहीत आहेत. ऊसतोडीला जाताना वयात आलेली मुलगी कोणाजवळ ठेवायची? कोयत्याला जोडी लागते. लहान मुलीला हुंडा कमी पडतो.

पण मुलगी घरात ठेवली म्हणून लग्न लांबते का? माझा अनुभव उलट आहे. जी मुलगी वर्ग आणि घर यांपलीकडे कुठेच नसते, तिचे लग्न गुपचूप उरकणे सर्वांत सोपे. हजेरीपटावर तिच्या नावापुढे चार दिवस गैरहजेरी लागते आणि शिक्षक समजतात, गावाला गेली असेल. खो-खोच्या संघात तसे होत नाही. मैदानात नऊ जणी उतरतात. एक कमी झाली की डावच बसत नाही, आणि आठ जणी विचारतात, ती कुठे आहे?

तालुक्यातल्याच एका शाळेतली गोष्ट आहे. नववीतली मुलगी सोमवारी सरावाला आली नाही, मंगळवारी नाही. बुधवारी मधल्या सुट्टीत तिघी मैत्रिणी तिच्या घरी गेल्या, तर अंगणात पाहुणे. त्यांनी बाईंना सांगितले, बाईंनी १०९८ ला फोन लावला. गावपातळीवर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हे त्या मुलींना किशोरी मंडळाच्या बैठकीत कळलेले होते, त्यांनी बाईंना ते सुचवले. ग्रामसेवक, अंगणवाडीताई आणि आम्ही, सगळे मिळून घरी बसलो. सुपारी मोडली. मुलगी आज शाळेत येते. खो-खो मात्र तिच्या वडिलांनी बंद केला आहे, आणि मैत्रिणींशी तिची आई अजून बोलत नाही. म्हणजे सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. पण तिला शोधायला सगळ्यांत आधी कोण गेले, हे शिक्षकांनी लक्षात घ्यावे.

खेळून काय होणार, असे वडील विचारतात. आपल्या मराठवाड्यातल्याच, उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या सारिका काळे भारताच्या खो-खो संघाच्या कर्णधार झाल्या आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. प्रत्येक मुलगी तिथवर जाणार नाही. प्रत्येक मुलगाही जात नाही, तरी त्याला कोणी घरी बसवत नाही.

सरकारी कागदांची वाण नाही. मीना-राजू मंच आहे. २०२२ पासून शाळेशाळेत सखी सावित्री समिती असायची आहे. २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आला. मला त्यातला शनिवार महत्त्वाचा वाटतो, कारण तो शाळेच्या वेळेत आहे! शाळेच्या वेळेत असलेल्या गोष्टीला मुलगी हजर असते. ही साधी गोष्ट धरून नववी-दहावीचेही वेळापत्रक मांडता येईल. आठवड्यातून दोन दिवस शेवटचे दोन तास मंडळांचे आणि मैदानाचे. गाडीच्या वेळेला हात लावायची गरज नाही. अभ्यास बुडतो म्हणणाऱ्यांनी स्नेहसंमेलनाच्या आधीचे पंधरा दिवस आठवावेत.

त्याबरोबर मंडळांची पदे एका वर्षी मुलीकडे, दुसऱ्या वर्षी मुलग्याकडे द्या, आणि हिशेबाची वही दोघांकडून लिहून घ्या. ओवाळायला मुलगेही उभे राहू देत, त्यांना ताट धरता येते. खेळताना मुलींना सलवारीवर खेळायचे असेल तर खेळू द्या. कपड्यावरून संघ मोडू नका. तालुक्याच्या स्पर्धेला जाताना बाई सोबत नाहीत म्हणून मुलींचा संघ रद्द होतो, तेव्हा एखाद्या आईला सोबत न्या. पन्नास रुपयांच्या तिकिटाचा प्रश्न आहे. शिवाय आयांनाही कळेल आपली मुलगी कशी पळते ते.

सखी सावित्री समितीत कोण कोण आहे, हे या सभेत मी विचारले तर किती हात वर होतील? तेवढे आज करू या. चहा झाल्यावर शिक्षकांनी सात नंबरच्या खोलीत वेळापत्रक घेऊन बसावे. मी येतेच. आयांनी दहा मिनिटे थांबावे. मुलींनी मैदान आखून ठेवले आहे आणि गाडीला अजून सव्वा तास आहे.