साचा कोणाच्या हाती?



आम्ही कामगार चळवळीतले; शाळेतले शिक्षण बेताचेच. एके काळी संगणक म्हटला की आम्हां लोकांना नोकरी जाण्याचे भय वाटे. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी सप्टेंबर १९८३ मध्ये यांत्रिकीकरणाविषयी व्यवस्थापनाशी करार केला. त्याच महिन्यात अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी, कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी संगणक-प्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला. पुढे १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने जो गाभा लिहिला, तो लिनक्स.

आमची लिनक्सशी गाठ पडली ती गरजेपोटी. विंडोज १० ची नेहमीची देखभाल कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. सांगलीच्या आमच्या वाचनालयात कामगारांच्या मुलांसाठी ठेवलेले दहा संगणक धडधाकट असून निकालात निघाले. नवे घ्यावयास पैसा कुठला? तेव्हा साताऱ्याच्या एका तरुण सभासदाने एक जुने यंत्र सर्व्हर म्हणून उभे केले आणि त्यावरून बाकीच्यांवर लिनक्स उतरविले.

ही युक्ती समजण्यास कठीण नाही. संगणक चालू होताच त्याचे नेटवर्क कार्ड पुकारा करते, "मला काम कोण सांगतो?" सर्व्हरवरचा डीएचसीपी नावाचा कारकून त्याला पत्ता देतो आणि कोणती फाइल आणावयाची ते सांगतो. टीएफटीपी नावाचा हमाल ती लहानशी फाइल पोचवितो. ती लिनक्सचा गाभा मागवून घेते आणि शेवटी सबंध प्रणालीचा साचा, म्हणजे इमेज, डिस्कवर उतरते. पेन ड्राइव्ह घेऊन प्रत्येक यंत्रापाशी बसावे लागत नाही.

यात आमची चूकही झाली. आम्ही सर्व्हर इमारतीच्या सामाईक जाळ्याला जोडला. तेथे राउटरमधला डीएचसीपी आधीच काम करीत होता. एका मजुराला दोन मुकादम हुकूम देऊ लागले की जे होते तेच झाले. शेजाऱ्यांचे इंटरनेट बंद पडले. आम्ही माफी मागितली आणि आपला स्विच वेगळा केला.

नांगराच्या कारखान्यासाठी १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, तेव्हापासून ओतकाम आपल्या भागाला नवे नाही. साच्यातली खोट प्रत्येक नगात उतरते, हे ओतारी जाणतो. येथेही तसेच आहे. साचा घेण्यापूर्वी त्यातले पासवर्ड आणि यंत्राच्या गुप्त किल्ल्या काढून टाकाव्या लागतात. नाहीतर दहा दारांना एकच किल्ली!

पण खरी खोट निराळीच निघाली. तो तरुण नोकरीसाठी पुण्याला गेला. महिन्याभरात एका संगणकाची डिस्क गेली, आणि आम्हांला कळून आले की सर्व्हर आमचा असला तरी विद्या त्याच्याजवळ होती. मग आम्ही त्याला फोनवर विचारून एकेक पायरी मराठीत वहीत उतरविली. आज नववीतली मुलगी ती वही उघडून यंत्र तयार करते.

लिनक्सचा परवाना आपल्याला वाटण्याचा हक्क देतो. परंतु कामगार कायद्यांनी आम्हांला एक गोष्ट शिकविली आहे: बजावणारे हात नसतील, तर हक्क कागदावरच राहतो. आमची वही वाचनालयात ठेविली आहे. ज्याला हवी त्याने यावे, उतरवून घ्यावी, आणि आमचे चुकले असेल तेथे दुरुस्त करावे.