मनगटाचा दुसरा फोटो

(रेडिओवरून प्रसारित झालेले भाषण)



मला दहा मिनिटं मिळाली आहेत आणि विषय दिलाय ‘खेळातल्या जुन्या दुखापती’. त्यात गुडघा येतो, घोटा येतो, खांदा येतो. मी त्यातल्या कशावरही बोलणार नाही. गुडघा दुखला की पोरगं लंगडतं आणि ते साऱ्या गल्लीला दिसतं. मनगट दुखलं तर कोणाला कळतसुद्धा नाही. पोरगं गुपचूप दुसऱ्या हातानं बादली उचलतं, शर्टाची बटणं दुसऱ्या हातानं लावतं आणि संध्याकाळी पुन्हा मैदानावर जातं. म्हणून आज मी फक्त मनगटावर बोलणार, आणि मनगटातसुद्धा एकाच हाडावर.

सांगायचं ते आधीच सांगून टाकतो. खेळताना तळहातावर पडलात, अंगठ्याच्या बाजूला मनगट दुखतंय आणि एक्स-रेच्या फोटोत काही निघालं नाही, तरी दहा ते चौदा दिवसांनी दुसरा फोटो काढा. कोणाला स्वयंपाक असेल, कोणाला गोठ्यात जायचं असेल, तर एवढं ऐकून रेडिओ बंद केला तरी चालेल.

आता जे थांबलेत त्यांच्यासाठी.

आपण पडतो तेव्हा हात आपोआप पुढं येतो. कबड्डीत चढाईपटूचा पाय मागून धरला की तो दोन्ही हात पुढं टाकून मॅटवर आपटतो. खो-खोत खांबावर सूर मारणारा आक्रमक हातावरच उतरतो. क्रिकेटमध्ये झेल घेताना, फुटबॉलमध्ये गोलरक्षकाला, सायकल घसरल्यावर, सगळीकडे तेच. तळहात जमिनीवर, मनगट मागं दुमडलेलं आणि वरून अख्ख्या अंगाचं वजन. मनगटात आठ लहान हाडं असतात. त्यातलं अंगठ्याच्या बाजूचं जे आहे, त्याला डॉक्टर स्कॅफॉइड म्हणतात. लांबी जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर. या आठांत सगळ्यात जास्त मोडतं ते हेच, आणि मोडतं ते बहुतेक तरण्याताठ्या मुलांचं, म्हणजे जी खेळतात त्यांचं.

आणि घरी काय होतं? आई आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून लेप देते. त्याला माझी काही हरकत नाही, लेपानं हाड हलत नाही. पण मग आजोबा म्हणतात, लचक भरलीय, चोळून घे. शेजारच्या गावात कोणीतरी लचक उतरवणारा असतो. तो अंगठा धरून हात ओढतो, कट् असा आवाज येतो आणि सगळ्यांना समाधान वाटतं. श्रोतेहो, तडा गेलेल्या हाडाची तोंडं बाजूला सरकवण्याचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही. पहिले काही दिवस चोळायचं नाही, ओढायचं तर नाहीच नाही. हातात कडं, धागा, अंगठी असेल ती सूज येण्याआधी काढा. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावा. हात झोळीत घ्या. आणि बोटं बधिर झाली, मुंग्या यायला लागल्या, तर फोटोबिटोचा विचार न करता त्याच दिवशी दवाखाना गाठा. ते प्रकरण वेगळं आणि घाईचं असतं.

बरं, काही घरं शहाणी असतात. ती दुसऱ्या दिवशीच फोटो काढून आणतात. फोटो स्वच्छ येतो. सगळे म्हणतात, सुटलो. क्रेप बँडेज गुंडाळतात, चार दिवसांत सूज उतरते आणि आठव्या दिवशी मुलगा सरावाला हजर. वर्षभरानं तोच मुलगा माझ्यासमोर बसतो. वडील म्हणतात, “डॉक्टरसाहेब, तेव्हा फोटो काढला होता, काही निघालं नव्हतं.” नव्हतंच निघालं, खरं आहे. पण हे हाड मनगटात तिरकं बसलेलं असतं आणि ताजा तडा बारीक असतो. साध्या फोटोत तो काही वेळा उमटतच नाही. पहिल्या दहा-बारा दिवसांत तड्याच्या कडेचं हाड थोडं विरघळतं, फट रुंदावते आणि मग ती दिसते. म्हणून पहिला फोटो स्वच्छ आला म्हणजे हाड धडधाकट आहे असं समजायचं नाही. फोटो काढणाऱ्यालाही सांगा की स्कॅफॉइडसाठी वेगळ्या कोनातून घ्या, नुसता मनगटाचा नको. एमआरआयची सोय आणि ऐपत असेल तर पंधरवडा थांबायचीही गरज नाही, त्यात लवकर कळतं. नसेल तर हात प्लास्टरमध्ये किंवा आधाराच्या पट्टीत ठेवा, आणि दुसरा फोटो.

या एका हाडाचा मी एवढा जप का करतोय, तेही सांगतो. पाटाचं पाणी ठाऊक नाही असा श्रोता माझ्या भागात सापडायचा नाही. धरण एका टोकाला, टेल दुसऱ्या टोकाला. वरच्या अंगाची वावरं आधी भिजतात, मग मधली, आणि टेलच्या शेतकऱ्याची पाळी येईपर्यंत आवर्तन संपत आलेलं असतं. स्कॅफॉइडचं रक्त नेमकं तसंच आहे. मुख्य रक्तवाहिन्या या हाडात शिरतात त्या अंगठ्याच्या अंगानं, आणि तिथून मागं फिरून कोपराकडच्या टोकाला रक्त पोचवतात. कोपराकडचं टोक म्हणजे टेल. आता पाट मध्येच फुटला तर वरच्या वावरांना काही फरक पडत नाही, ती हिरवीगार असतात. टेल कोरडं पडतं. आणि टेलची तक्रार लगेच येत नाही. ती येते पीक सुकायला लागल्यावर, आणि तोवर हंगाम निघून गेलेला असतो. या हाडाचं दुखणं म्हणूनच फसवं. सुरुवातीला थोडं दुखतं, कमी होतं, हात चालतो, आणि आतमध्ये एक टोक रक्तावाचून सुकत असतं.

पाट फुटल्यावर आपण काय करतो? माती भरतो, ठोकून घेतो आणि ती मुरू देतो. ओल्या भरावावरून कोणी जनावरं हाकली तर? पुन्हा भगदाड. प्लास्टर कशासाठी असतं, तर भरावावरून जनावरं जाऊ नयेत म्हणून. आणि आमचे खेळाडू दोन आठवड्यांनी प्लास्टर भिजवतात, कापतात, वर सांगतात, खाज येत होती. तडा अंगठ्याकडच्या टोकाला असेल तर साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, मधोमध असेल तर आठ ते बारा. टेलला असेल तर त्याहून जास्त, आणि तिथं बहुतेक वेळा स्क्रू घालून बसवणंच बरं. हा स्क्रू अख्खा हाडाच्या आत बुडतो, बाहेर डोकं राहत नाही. हर्बर्ट नावाच्या ऑस्ट्रेलियन शल्यविशारदानं तो आणला, १९८४ साली त्यावरचा निबंध छापून आला आणि तेव्हापासून या दुखापतीचे दिवस पालटले. त्यावर खरं तर सावकाश बोलायला हवं, पण निवेदकांचं लक्ष घड्याळाकडे गेलंय.

आणखी एक. तंबाखू आणि विडी-सिगारेट. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. टेलला आधीच पाणी कमी, त्यात तुम्ही चारीवर दगड ठेवताय. प्लास्टर आहे तोवर तरी पुडी लांब ठेवा. तीन महिने सुटली तर पुढचीही सुटेल कदाचित. असो.

आता ज्यांची दुखापत जुनी आहे त्यांच्याकडे वळतो. मूळ विषय त्यांचाच होता. खूण अशी: दंड-बैठकांतल्या बैठका जमतात, दंड काढताना मनगट ओरडतं. हात मागं वळत नाही. कडीकोयंडा, नळ, जड कढई, कशावरही पकड राहत नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी कितीतरी मुलं मी बघतो. १६०० मीटर छान पळतात, १०० मीटर पळतात आणि गोळाफेकीत मागं पडतात. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा असतो आणि तो पेलायचा मागं वळलेल्या मनगटावर. कारण विचारलं तर म्हणतात, शाळेत कबड्डी खेळताना एकदा लचक भरली होती. त्या लचकीचा दुसरा फोटो कोणी काढलेला नसतो.

अशा जुन्या, न जुळलेल्या हाडालाही उपाय आहे. कमरेच्या किंवा मनगटाजवळच्या हाडातून थोडं हाड काढून फटीत भरतात, स्क्रू लावतात, पुष्कळ वेळा ते जुळतं. पण तसंच सोडलं तर मनगटाची आतली ठेवण हळूहळू ढासळते, सांधा झिजायला लागतो. पाच-दहा वर्षांत पस्तिशीच्या माणसाचं मनगट सत्तरीचं होतं. मग आमच्या हाती सांधा आखडून टाकण्यासारखे उपाय उरतात. ते मला करायला आवडत नाहीत आणि तुम्हाला करून घ्यायला आवडणार नाहीत.

हाड जुळलं म्हणजे लगेच मैदान नव्हे. जुळल्याची खात्री शक्यतो सीटी स्कॅननं करा, हात दुखत नाही म्हणून नको. मग कोमट पाण्यात मनगट हलवणं, मऊ चेंडू दाबणं, त्यानंतर भिंतीवर हात टेकून दंड, मग टेबलावर आणि शेवटी जमिनीवर. एक पायरी बिनदुखता चढली की पुढची. फवारा मारून, गोळी घेऊन सामन्यात उतरणं म्हणजे… जाऊ द्या, त्यावर मी पुन्हा कधीतरी रागावेन. एवढंच बघा की अर्जेंटिनाचा टेनिसपटू हुआन मार्टिन डेल पोत्रो २००९ मध्ये अमेरिकन खुली स्पर्धा जिंकला, त्यानंतर त्याच्या डाव्या मनगटावर २०१४-१५ मध्ये तीन शस्त्रक्रिया झाल्या, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यानं रौप्यपदक घेतलं. त्याचं दुखणं या हाडाचं नव्हतं, पण थांबला म्हणून परतला, एवढं त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे. त्याला थांबता येतं, तर तालुका पातळीच्या सामन्यासाठी आपण का थांबू नये?

करंगळीच्या बाजूला दुखणं ही वेगळी गोष्ट. तिथं एक गादी असते, ती फाटली की कपडे पिळताना, किल्ली फिरवताना, खुर्चीवर हात टेकून उठताना कळ येते. त्यालाही महिनोन्‌महिने लागतात. आणि मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स करणारी वाढत्या वयातली लेकरं. त्यांच्या मनगटाशी हाड वाढण्याची जागा असते, रोज हातावर भार घेऊन ती सुजते. दहा-बारा वर्षांचं मूल मनगट दुखतंय म्हणालं तर त्याला नाटकी म्हणू नका, भार कमी करा आणि… हे पूर्ण सांगायला वेळ उरला नाही.

शेवटचं मागणं क्रीडाशिक्षकांकडे. सर, मॅडम, शालेय स्पर्धांच्या दिवसांत संघात जागा जाईल, दहावी-बारावीचे सवलतीचे गुण जातील, या भीतीनं मुलं दुखणं लपवतात. ती तुम्हाला आपणहून सांगणार नाहीत. म्हणून पडलेल्या मुलाचं नाव आणि तारीख हजेरीच्या वहीत लिहून ठेवा आणि चौदा दिवसांनी त्याला बोलवा. अंगठा वर करायला सांगा. अंगठ्याच्या मुळाशी दोन शिरांच्या मधे एक खळगा पडतो, तो बोटानं दाबा. मग दुसऱ्या हाताचा तोच खळगा दाबा, म्हणजे फरक कळेल. दुखऱ्या हातानं चेहरा वाकडा झाला, तर त्या मुलाला त्या दिवशी खेळवू नका आणि त्याच्या घरी निरोप पाठवा.

आईवडिलांनीही हे आज रात्री जेवणं झाल्यावर करून बघावं. दुखलं, तर उद्या सकाळी फोटो. आणि पहिला फोटो आधीच झाला असेल, तर दुसरा.