लाईक मोजायचे की कल्पना?



नायगाव स्टेशनला उतरून जूचंद्र विचारलं, की लोक हमखास दोन गोष्टी सांगतात: चंडिकादेवीचं मंदिर आणि रांगोळी. दिवाळीत आपल्याकडची व्यक्तिचित्रं बघायला लांबून माणसं येतात. पण हल्ली घरात नवीनच मोजमाप आलंय. लेक रांगोळी काढते, फोटो टाकते आणि तासाभरात ‘बाराच लाईक’ म्हणून तोंड पाडून बसते. आमच्या बचत गटात हप्त्यांइतकीच चर्चा याची होते.

कल्पकता मोजता येते का? अमेरिकेतल्या टॉरन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली त्यासाठी चाचण्या काढल्या. समजा, जुन्या साडीचे उपयोग विचारले. किती सुचले, किती तऱ्हेचे सुचले, इतरांना न सुचलेले किती आणि बारकावे किती, हे पाहायचं. गोधडी, दुपटं, अभ्रा ही तीन उत्तरं खरी, पण तऱ्हा एकच, शिवणाची. बाळाची झोळी म्हटलं की दुसरी तऱ्हा झाली.

आता हेच काम संगणकावर होतं. २०२२ च्या ‘पिसा’ परीक्षेत साठाहून जास्त देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांची कल्पकता पहिल्यांदाच तपासली. भारत त्यात नव्हता. एका प्रश्नात तर पडद्यावर विज्ञान प्रदर्शनाचं पोस्टर करायचं होतं. सिंगापूर पहिलं आलं आणि एकाही देशात मुलगे मुलींच्या पुढे गेले नाहीत. (हे घरी मुद्दाम सांगा!) त्या परीक्षेत आणखी एक गोष्ट तपासली, दुसऱ्याची कल्पना घेऊन ती सुधारता येते का. लाईकमध्ये हे कुठून दिसणार?

आम्हाला अडचण वाटते ती वेगळेपणाची. वेगळं म्हणजे कुणापेक्षा? हुबेहूब चेहऱ्याची रांगोळी दुसऱ्या गावात नवल ठरेल. आपल्याकडे ती दर दिवाळीला असते. इथल्या मुलीनं ठिपक्यांच्या रांगोळीत खाडी, मिठागर, लोकल गाडी बसवली, तर आम्ही तिला जास्त कल्पक म्हणू. मशीनला आपलं गाव ठाऊक नसेल, तर ते नेमकं उलटं सांगेल.

म्हणून फोन काढून घेऊ नका, त्याला दुसरं काम द्या. या दिवाळीत गटातल्या मुली रांगोळी काढताना दर अर्ध्या तासानं एक फोटो काढणार आहेत. काय पुसलं, कुठला रंग बदलला, मैत्रिणीचं ऐकून काय सुधारलं, सगळं त्यात दिसेल. मग आम्ही बायका बसून ते फोटो बघू आणि मुलींनाच विचारू, हे का पुसलंस गं? गुण द्यायचे नाहीत, असं सध्या तरी ठरलंय. फोनमध्ये जागा नाही म्हणणाऱ्या आयांनी आधी गुड मॉर्निंगची चित्रं पुसावीत.