बकरी घुरघुरते तेव्हा

सांजची वेळ आहे, बकऱ्या चरून घरी आल्या असतील. जरा कोठ्याकडे कान द्या. आज आम्ही बकरीच्या श्वासाबद्दल बोलणार आहोत. कोणता आवाज साधा, आणि कोणत्या आवाजाला सकाळची वाट न पाहता डॉक्टरला फोन करायचा, ते सांगणार आहोत.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, नुकसान सोसून शिकलो. गेल्या पावसाळ्यात सात दिवसांची झड लागली होती. आमच्या गटातल्या एकीची गाभण बकरी ओला चारा खाऊन फुगली. आम्ही चौघी धावलो. एकीनं मान वर धरली, एकीनं जीभ बाहेर ओढली, तिसरीनं वाटीभर गोडंतेल घशात ओतलं. बकरीला ठसका लागला. पोट उतरलं, आम्ही खूश झालो. रात्री ती घुरघुर करायला लागली. म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "झडीची सर्दी हाय व, ओव्याची धुरी दे." दोन दिवस आम्ही धुरीच देत राहिलो. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले तोवर बकरी मान लांब करून, तोंड उघडं टाकून श्वास घेत होती. तेल फुफ्फुसात गेलं होतं. बकरी गेली, पोटातली पिल्लं गेली, आणि गटाच्या कर्जाचे हप्ते मात्र राहिले.

म्हणून पहिली गोष्ट पाजण्याचीच सांगतो. बकरी उभी असू द्या. तिचं नाक डोळ्यांच्या वर जाऊ देऊ नका. जीभ कधीच ओढू नका, कारण जीभ धरली की तिला गिळता येत नाही. ओठाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं सोडा, घोट गेला की मग पुढचं. खोकली तर लगेच थांबा आणि मान खाली करू द्या. आडवी पडलेल्या, शुद्ध नसलेल्या बकरीला तोंडानं काहीच द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. पाजल्यानंतर एकदोन दिवसांत घुरघुर लागली, तर ती सर्दी समजू नका. डॉक्टरला सरळ सांगा की अमुक पाजलं आणि ठसका लागला होता. लाज वाटते, आम्हालाही वाटली होती. पण लपवलं तर औषध चुकतं.

आता चांगला श्वास कसा असतो ते पाहू. बकरी सावलीत निवांत बसून रवंथ करत असताना तिची कूस पाहा. कूस एकदा वर-खाली झाली की एक श्वास. मोबाईलच्या घड्याळावर एक मिनिट मोजा. मोठ्या बकरीचे साधारण 15 ते 30 भरतात, पिल्लाचे थोडे जास्त. आवाज जवळजवळ येतच नाही. मे महिन्यात आपल्या अकोल्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा बकरी दुपारी धापा टाकतेच. सावली आणि पाणी मिळाल्यावर तासाभरात श्वास बसला तर काळजी नाही. सांज झाली, हवा थंड झाली, तरी धाप चालूच असेल तर मात्र ते ऊन नव्हे.

सोयाबीनचं, तुरीचं कुटार टाकलं की दोनचार शिंका येतात. ती धूळ. कुटारावर पाण्याचा हबका मारा, भागतं. पण बकरी रोज शिंकते, डोकं झटकते, नाक जमिनीला घासते, नाकातून घट्ट शेंबूड गळतो, असं असेल तर नाकात माशीच्या अळ्या असू शकतात. ही माशी नाकाशीच अळ्या सोडते. त्यावर औषध आहे, पण मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरकडूनच घ्या. हे दोन दिवसांत दाखवलं तरी चालतं.

ओला खोकला, अंगात ताप, कान पडलेले आणि चारा सोडलेला, हे न्यूमोनियाचं लक्षण. त्याच दिवशी दाखवा. पिल्लांना हा फार लवकर होतो, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा आपल्या कोठ्यातच असतं. आम्ही उभ्यानं झाडतो, आपल्याला वास येत नाही. एकदा पहाटे कोठ्यात पिल्लाच्या उंचीवर बसून पाहा. मुताच्या वासानं डोळे चुरचुरले, तर पिल्लू रात्रभर तेच ओढतं आहे. आम्ही टिनाखाली चारी बाजूंनी ताडपत्री लावून कोठा गच्च बंद केला होता. मायेनंच केलं होतं, पण चुकलं. वाऱ्याचा झोत अंगावर येऊ नये एवढं खाली झाका आणि वर हवेला वाट ठेवा. आणि मच्छरासाठी धूर करायचा तर खोकणारी बकरी आधी बाहेर काढा.

एकाच वेळी तीनचार बकऱ्यांचे डोळे-नाक गळायला लागले, तोंडात फोड आले, हगवण लागली आणि श्वास घुरघुरायला लागला, तर पीपीआरचा संशय धरा. आपल्या देशात हा रोग पहिल्यांदा 1987 साली तामिळनाडूत सापडला. त्याच्या विषाणूवर औषध नाही, पण लस आहे आणि एकदा टोचली की साधारण तीन वर्षं पुरते. पिल्लू तीनचार महिन्यांचं झालं की टोचून घ्या. बाजारातून आणलेली बकरी तीन आठवडे वेगळी बांधा. इथे आमचं गटात भांडण झालं होतं, जागा कुठून आणायची म्हणून. शेवटी एकीच्या अंगणात तुराट्यांचा कूड घातला.

आता ज्याला सकाळची वाट पाहायची नाही, ते ऐका. प्रत्येक श्वासाला कण्हणं. तोंड उघडं, मान लांब, पुढचे पाय फाकलेले. जीभ किंवा हिरड्या निळसर. डावी कूस ढोलासारखी फुगलेली आणि धाप. आख्खं संत्र किंवा आंब्याची कोय घशात अडकून लाळ गळणं. मोर्शी-वरूडकडच्या बायांनी गळलेली संत्री आख्खी टाकू नयेत, चिरून टाकावी.

आणि फवारणी. पऱ्हाटीत फवारलं, धुऱ्यावरचं गवत कापून आणलं, बकरीनं खाल्लं. तोंडाला फेस, डोळ्यांतून पाणी, अंग थरथरतं, छातीत खळखळ. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं कास्तकार आणि मजूर दगावले, ते आपण विसरलो नाही. माणसाला जे मारतं ते बकरीला सोडत नाही. यावर उतारा असतो, पण वेळेत लागतो आणि विष कोणतं ते कळावं लागतं. फवाऱ्याची रिकामी बाटली जपून ठेवा आणि डॉक्टरला दाखवा. उघड्या हातानं फेस पुसू नका, लेकरांना जवळ येऊ देऊ नका.

अमरावतीच्या एका बाईंनी विचारलं होतं, नातीचा गिनीपिग नाकातून चिटचिट आवाज करतो, त्यालाही हेच लागू का? त्याला तर आणखी घाई. तो जीव नाकानंच श्वास घेतो, तोंड उघडलं म्हणजे फार उशीर झालेला असतो. त्याला ससा सोबती म्हणून ठेवू नका. सशाला काही होत नाही, पण त्याच्या नाकातले जंतू गिनीपिगला न्यूमोनिया देतात. आणि घरातली अमॉक्सिसिलिनची गोळी त्याला कधीच देऊ नका. त्या औषधानंच तो मरतो. बकरीलाही माणसाच्या गोळ्या अंदाजानं देऊ नका.

फोन करायचा तो 1962 वर, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा हा नंबर फुकट आहे. अकोल्याजवळच्या बायांना तिथल्या पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेतही बकरी नेता येते. फोनवर "बकरी बिमार हाय" एवढंच सांगू नका. मिनिटाचे श्वास किती, ताप किती, गाभण आहे का, काल काय खाल्लं, काय पाजलं, एकटीच आजारी की अजून कोणी, हे सांगा. तापासाठी आमच्या गटानं एक थर्मामीटर घेतलं आहे, ते शेपटीखाली लावतात. 102-103 ठीक, 104 च्या वर ताप. ते कुणाच्या घरी ठेवायचं यावरून पुन्हा भांडण झालं. सध्या ते अंगणवाडीजवळच्या दुकानात, चुन्याच्या डबीशेजारी असतं.