आधी केसपेपर, मग नोटीस



मे 1953 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर विशीतल्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला हलवले, प्लास्टर घातले आणि त्याच रात्री तो गेला. मृत्यूचे कारण लिहिले गेले ‘फॅट एम्बोलिझम’. वडील स्वतः डॉक्टर होते, त्यांना ते पटले नाही. भूल न देता जोर लावून हाड बसवले, त्याच्या धक्क्याने मुलगा दगावला, हे त्यांचे म्हणणे न्यायालयांनी मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला 1968 साल उजाडले. भरपाई होती 3,000 रुपये. रुग्ण हाती घ्यावा की नाही, उपचार कोणता करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरने योग्य काळजी घेतलीच पाहिजे, हे त्या निकालाने सांगितले.

लालबागच्या चाळीतल्या कुटुंबात असा डॉक्टर बाप नसतो. पिशवीत डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले आणि दोन-चार एक्सरे घेऊन ती माणसे वकिलाकडे येतात. आपला माणूस वाचला असता का, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असते. अशा वेळी लगोलग नोटीस धाडणारा वकील त्यांचे भले करत नाही.

आधी रुग्णालयातले सगळे केसपेपर मागावेत. शस्त्रक्रियेची नोंद, भुलीचा तक्ता, नर्सनी तासातासाला लिहिलेले नाडी-रक्तदाब, संमतिपत्र, सगळे. रुग्णाला या नोंदींच्या प्रती मिळाल्या पाहिजेत, असे मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्येच बजावले आहे. 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार मागणी केल्यापासून 72 तासांत कागद द्यावे लागतात. मात्र ते सांभाळून ठेवण्याचे बंधन फक्त तीन वर्षांचे, म्हणून अर्ज लेखी करावा आणि पोच घ्यावी.

मग हे कागद त्याच शाखेच्या, पण त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या डॉक्टरने वाचावेत. तो ‘यात चूक दिसत नाही’ म्हणाला, तर वकिलाने ते कुटुंबाला तोंडावर सांगावे. गिरगावपासून जवळच असलेल्या बॉम्बे हॉस्पिटलमधल्या 1998 च्या एका मृत्यूबद्दल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने भरपाई दिली होती. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. रुग्ण दगावला एवढ्यावरून हलगर्जी सिद्ध होत नाही, असे न्यायालय म्हणाले. तेवीस वर्षांनी हे ऐकावे लागणे फार क्रूर आहे.

कागदांत दम असेल तर ग्राहक आयोग आहे. तक्रारीची मुदत दोन वर्षे, आणि रुग्णालयाला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. आर्थर रोड नाक्याजवळची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई करू शकते, भरपाई देत नाही. फौजदारी गुन्ह्यासाठी मात्र घोर निष्काळजीपणा लागतो, हे 2005 पासून ठरलेले आहे.

खरी अडचण जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात तिथली आहे. 1995 च्या निकालाने अशी रुग्णालये ग्राहक कायद्याबाहेर ठेवली. नाममात्र नोंदणी शुल्क भरले तरी फरक पडत नाही. तिथे दिवाणी दावाच उरतो. 1986 मध्ये भायखळ्याच्या जेजे रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनने 14 रुग्ण दगावले, तेव्हा न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून मंत्रालयापर्यंतचा कारभार उघडा पाडला. एकट्यादुकट्या मृत्यूसाठी कोण आयोग नेमणार?

परळच्या विधवेला मोफत वकील मिळू शकतो. विधी सेवा कायद्यात स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. तिला मिळत नाही तो कागद वाचून लेखी मत देणारा डॉक्टर. सहकाऱ्याविरुद्ध लिहिण्याचा संकोच समजण्याजोगा आहे, पण निर्दोष सहकाऱ्याला खोट्या दाव्यातून वाचवणारे मतही हाच डॉक्टर देतो. म्हणून वकील आणि डॉक्टरांच्या या परिषदेने आजच ठराव करावा आणि महिन्याला दोन प्रकरणे विनामूल्य वाचायला तयार असलेल्या डॉक्टरांची शाखावार यादी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे सोपवावी. नावनोंदणीची वही व्यासपीठाजवळ ठेवली आहे.