मातीतील कारागीर आणि नव्या औषधांचा शोध
(संस्थेच्या विज्ञान मंडळापुढे केलेले भाषण)



मी विज्ञानाचा पदवीधर नाही, भाषेचा शिक्षक आहे. तरीही आज जीवाणूंच्या विकरांविषयी बोलण्याचे मी मुद्दाम ठरविले. क्षयाचे दुखणे आपल्या वस्त्यांना परके नाही, आणि त्यावरचे पहिले परिणामकारक प्रतिजैविक आपल्या पायाखालच्या मातीतूनच आले आहे.

१९४३ साली अमेरिकेतील रट्गर्स विद्यापीठात सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या तरुण विद्यार्थ्याला मातीतील स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जीवाणूपासून स्ट्रेप्टोमायसीन मिळाले. पावसाच्या पहिल्या सरीनंतर येणारा मातीचा सुवास मुख्यतः याच जातीच्या जीवाणूंचा असतो. पुण्याजवळच्या पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तेथील संशोधकांनी पिंपरीच्याच मातीतील जीवाणूपासून हॅमायसीन हे बुरशीनाशक औषध मिळविले.

त्या काळची रीत साधी होती. माती आणायची, जीवाणू वाढवायचे आणि त्यांच्या द्रवाने रोगजंतू मरतात का ते पाहायचे. पण पुढे पुढे तीच ती द्रव्ये पुन्हा हाती येऊ लागली. इकडे रोगजंतू मात्र जुन्या औषधांना जुमानीनासे झाले. मग नवी औषधे आणायची कोठून?

याचे उत्तर विकरांनी दिले. विकर, म्हणजे ज्याला आपण एन्झाईम म्हणतो, ते जीवाणूच्या पेशीतील कारागीर होय. शिवणकामाच्या कारखान्यात एक जण कापड बेततो, दुसरा शिवतो, तिसरा काज-बटण करतो. पेशीतही काही विकरे अशीच रांगेने काम करतात. एक तुकडा उचलतो, दुसरा जोडतो, तिसरा साखळी पूर्ण करून सोडून देतो. एरिथ्रोमायसीन हे औषध घ्या. त्याचा मूळ सांगाडा सहा टप्प्यांच्या अशाच रांगेत तयार होतो आणि प्रत्येक टप्प्यावर एक तुकडा वाढतो.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक विकर कसे घडवायचे याची कृती जीवाणूच्या जनुकांत लिहिलेली असते, आणि एका पदार्थासाठी लागणाऱ्या कृती बहुधा शेजारी शेजारी असतात. म्हणून ओळखीच्या विकरासारखे जनुक कोठे दिसले, की तेथे एखादा कारखाना आहे असे समजावे. मग त्याचा माल आजवर कोणी पाहिलेला नसला तरी चालेल.

स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या जीवाणूचा अभ्यास इंग्लंडमध्ये डेव्हिड हॉपवुड यांनी अनेक दशके केला होता. त्याची मोजकीच द्रव्ये ठाऊक होती. २००२ साली त्याची संपूर्ण जनुकीय लिपी प्रसिद्ध झाली, तेव्हा असे वीसहून अधिक कारखाने आढळले. बहुतेकांचा माल अज्ञात होता. जीवाणू ते पदार्थ करीत नव्हता, किंवा इतके थोडे करीत होता की ते नजरेत येत नव्हते.

त्यांपैकी एका कारखान्याची हकिगत विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. ग्रेगरी चॅलिस व जॅक रॅव्हेल यांनी २००० साली या जीवाणूतील एका विकराचे जनुक वाचून भाकीत केले, की त्यापासून लोह पकडणारा एक पदार्थ बनत असावा. विकराचे टप्पे तीन, म्हणून पदार्थाचे तुकडेही तीन असा हिशेब होता. पुढे वॉरिक विद्यापीठात एका जीवाणूतील ते जनुक निकामी करण्यात आले. मूळ जीवाणू आणि हा बदललेला जीवाणू, दोघांनाही लोहाची टंचाई असलेल्या द्रवात वाढविले. मूळ जीवाणूच्या द्रवात लोह पकडणारा नवा पदार्थ सापडला, दुसऱ्याच्या द्रवात सापडला नाही. २००५ साली तो सीलिकेलिन या नावाने जाहीर झाला. पण त्याचे तुकडे निघाले चार! भाकिताने दिशा बरोबर दाखविली आणि प्रयोगाने त्याचा हिशेब दुरुस्त केला.

सीलिकेलिन हे काही औषध नव्हे. पण न पाहिलेला पदार्थ विकराच्या मागावरून शोधता येतो, हे त्याने सिद्ध केले. आणि लोह पकडणारे पदार्थ क्षुल्लकही नसतात. थॅलॅसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते व अंगात लोह साचते. ते बाहेर काढणारे डेफेरॉक्सामीन हे औषध मुळात एका स्ट्रेप्टोमायसिसनेच दिलेले आहे.

पालकांना माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, प्रतिजैविके डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नका, आणि बरे वाटू लागले म्हणून क्षयाची औषधे मध्येच सोडू नका. एक नवे औषध हाती येण्यास अनेक वर्षे लागतात, ते बोथट करण्यास आपली हयगय पुरते. दुसरी, मुलाने किंवा मुलीने विज्ञान शाखा मागितली तर "आपल्यात कोणी केले आहे?" असे विचारू नका. आजवर दिसले नाही म्हणून ते नाहीच, असे तर या जीवाणूबाबतही खरे ठरले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, पुस्तकातले तीन तुकडे पाठ करा, पण प्रयोगशाळेत जाऊन ते स्वतः मोजा. चौथा कदाचित तुम्हालाच सापडेल.